अस्मानी कीं सुलतानी? आकाशांतून पडणाऱ्या यंत्रखंडांची जबाबदारी

आपल्या पूर्वजांनीं संकटांचे दोन वर्ग केले आहेत. एक अस्मानी व दुसरा सुलतानी. अवर्षण, गारपीट, वीज, महापूर हीं अस्मानी संकटें होत. त्यांबद्दल दाद कोणाकडे मागावी? तीं सोसावींच लागतात. लूट, जुलूम, अन्यायाची सारावसुली हीं सुलतानी संकटें होत. त्यांचा कर्ता मनुष्य असल्यामुळें त्याला जाब विचारतां येतो. ही वांटणी शेंकडों वर्षें पुरली. परंतु ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, आणि तेव्हांपासून मनुष्यानें आकाशांतहि आपला संसार मांडला आहे. जेथें संसार तेथें केरकचरा हा आलाच. जीर्ण झालेले उपग्रह, रिकामे झालेले अग्निबाण व त्यांचे तुकडे पृथ्वीभोंवतीं फिरत राहतात, व त्यांतील कांहीं केव्हां ना केव्हां खालीं येतात. हें संकट अस्मानांतून येतें खरें, पण त्याचा कर्ता मनुष्यच असतो. मग तें कोणत्या वर्गांत घालावयाचें? त्यापासून कोणा गरिबाचें घर मोडलें तर तें कोणी बांधून द्यावयाचें? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न दूरदेशचा आहे असें कोणी समजूं नये. ता. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या रात्रीं, पावणेआठ वाजण्याच्या सुमारास विदर्भांतील असंख्य लोकांनीं जळत्या निखाऱ्यांची एक रांग आकाशांतून सरकत जातांना पाहिली. कोणास तो उल्कापात वाटला, कोणास कोसळणारें विमान वाटलें. त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी या गांवीं धातूचें एक कडें येऊन पडलें. त्याचा व्यास दोन ते तीन मीटर असून वजन चाळीस किलोग्रॅमांहून अधिक भरलें. त्याच तालुक्यांत पवनपार येथें सुमारें अर्धा मीटर व्यासाचा धातूचा गोळाहि सांपडला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, शास्त्रज्ञ येऊन त्यांनीं त्या वस्तूंची पाहणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें उडविलेल्या 'चांग झेंग ३ बी' जातीच्या अग्निबाणाचे हे अवशेष असावेत, असें अनुमान खगोलतज्ज्ञांनीं कक्षेच्या गणितावरून बांधलें.

आतां वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. तें कडें मोकळ्या जागीं न पडतां एखाद्या कौलारू घरावर किंवा गुरांनीं भरलेल्या गोठ्यावर पडलें असतें, तर त्या शेतकऱ्यानें कोठें जावें? ज्यानें चीन देश नकाशावरहि पाहिला नाहीं, त्याची फिर्याद कोण ऐकणार? उत्तराकडे वळण्यापूर्वीं या वस्तु खालीं येतातच कशा, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे.

अग्निबाण हा एकच नळा नसून एकावर एक रचलेल्या टप्प्यांचा असतो. इंधन संपलें कीं खालचे टप्पे गळून पडतात; शेवटचा टप्पा मात्र उपग्रहाबरोबर कक्षेपर्यंत जातो व काम संपल्यावर पुष्कळदां तेथेंच फिरत राहतो. इतक्या उंचीवरहि हवेचा अत्यंत विरळ अंश असतोच. त्याच्या विरोधानें या रिकाम्या टप्प्याचा वेग हळूहळू मंदावतो व तो खालीं खालीं येऊं लागतो. दाट हवेंत शिरते वेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें अठ्ठावीस हजार किलोमीटर असतो. त्या वेगानें पुढील हवा दबून इतकी तापते कीं, त्याचा बराचसा भाग वितळून जळून जातो. परंतु टायटेनियमसारख्या धातूंच्या टांक्या, गोळे, जाड कडीं इत्यादि कठीण भाग जळल्यावांचून जमिनीपर्यंत पोंचतात.

तो कोठें पडेल हें आधीं कां सांगतां येत नाहीं, असें विद्यार्थी विचारतील. सूर्यावर क्षोभ झाला म्हणजे वरच्या थरांतील हवा तापून फुगते व विरोध वाढतो; तो शांत असला म्हणजे विरोध कमी होतो. शिवाय कोलांट्या खात येणाऱ्या तुकड्यास हवा किती अडवील याचें नेमकें गणित बसत नाहीं. आणि वेग असा कीं, एका मिनिटाची चूक म्हणजे सुमारें साडेचारशें किलोमीटरांची चूक! कोल्हापुरावर पडेल म्हणून सांगितलेली वस्तु मुंबईच्याहि पलीकडे जाऊन पडावयाची. यामुळें लाडबोरीवर जें आलें तें आमच्या राधानगरीवर येणार नाहीं, असें कोणी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. अर्थात् यांत भिण्यासारखें फारसें नाहीं. पृथ्वीचा सुमारें सत्तर टक्के भाग समुद्रानें व्यापलेला आहे, व जमिनीचाहि मोठा भाग निर्जन आहे. धोका थोडा आहे. पण थोडा धोका म्हणजे धोका नव्हे, असें नाहीं. ज्याच्या घरावर ती वस्तु पडेल, त्याला तो सोळा आणे धोका होय.

आतां कायद्याकडे वळूं. दाजीपूरच्या रानांतला गवा रात्रीं उतरून उसाचा फड तुडवितो, हें आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. गवा कोणाच्या मालकीचा नाहीं. तरीहि वनखात्याकडून नियमाप्रमाणें नुकसानभरपाई मिळते, ती राज्यानें प्रजेची काळजी वाहावी म्हणून. परंतु शेजाऱ्याचा बैल दावें तोडून आपल्या शेतांत शिरला तर गोष्ट निराळी. त्या बैलाला धनी आहे, व भरपाई त्या धन्यानें द्यावयाची. आकाशांतून पडलेलें कडें हें गव्यासारखें नसून बैलासारखें आहे. त्याला धनी आहे. तें आकाशांतून आलें एवढ्यावरून त्याचा धनी सुटत नाहीं. सर्व अंतराळ कायद्याचें बीज या एका वाक्यांत आहे असें म्हटलें तरी चालेल.

परंतु येथें एक अडचण उभी राहते. बैलाचा धनी म्हणेल, "मीं दावें घट्ट बांधलें होतें, माझी चूक काय?" अग्निबाणाचा धनीहि असेंच म्हणेल. आणि त्याची चूक सिद्ध करण्याचें काम शेतकऱ्यावर टाकलें, तर परक्या देशाच्या कारखान्यांतील गुप्त आराखडे तो कोठून आणणार? या अडचणीचा विचार अंतराळयुगापूर्वीं शंभर वर्षें एका तळ्याच्या निमित्तानें झाला होता, ही मौजेची गोष्ट आहे. इंग्लंडांत लँकेशायर प्रांतीं एका गिरणीवाल्यानें आपल्या जमिनींत पाण्यासाठीं तलाव बांधविला. कारागीर चांगले नेमले होते. पण खालीं जुन्या खाणींच्या विहिरी होत्या, त्यांतून पाणी फुटून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' या नांवाचा हा खटला १८६८ सालीं हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तेथें असें ठरलें कीं, जी वस्तु सुटली असतां दुसऱ्याचें नुकसान करील, ती जो स्वतःच्या कामासाठीं आणून सांठवितो, त्यानें ती स्वतःच्या जोखमीवर सांठवावी. ती सुटली तर त्याची चूक असो वा नसो, भरपाई त्यानें द्यावी. राजर्षि शाहू महाराजांनीं आरंभिलेल्या भोगावतीवरील धरणाच्या छायेंत वाढणाऱ्या आपल्या मुलांना, सांठविलेल्या पाण्याचें सामर्थ्य व तें सांठविणाऱ्याची जबाबदारी हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. धरणाला दरवाजे कां करतात व त्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा कां ठेवतात, याचें मर्म हेंच होय.

हाच न्याय पुढें आकाशाला लावण्यांत आला. १९६७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमानें अंतराळाविषयीं मूळ करार झाला. अंतराळ हें कोणाहि राष्ट्राच्या मालकीचें नाहीं, परंतु तेथें पाठविलेल्या वस्तूची मालकी व जबाबदारी कायम राहते, असें त्यांत ठरलें. खासगी कंपनीनें केलेल्या कामाबद्दलहि तिचें राष्ट्रच जगाला जबाबदार धरलें आहे. मग ता. २९ मार्च १९७२ रोजीं केवळ नुकसानीच्या जबाबदारीविषयींचा स्वतंत्र करार सह्यांसाठीं खुला झाला, व त्याच वर्षीं १ सप्टेंबरपासून तो अमलांत आला. भारत त्यांत १९७९ सालीं व चीन १९८८ सालीं सामील झाला.

या कराराचीं मुख्य कलमें अशीं आहेत. अंतराळांतील वस्तूनें पृथ्वीच्या पृष्ठभागावर अथवा उडत्या विमानास हानि केली, तर ती सोडणारें राष्ट्र चूक सिद्ध झाल्यावांचूनच भरपाईस पात्र होतें. दोन राष्ट्रांचे उपग्रह आकाशांतच एकमेकांवर आदळले, तर मात्र चूक कोणाची हें पाहावें लागतें. हा भेद मोठ्या न्यायबुद्धीनें केलेला आहे. जे दोघेहि आकाशांत गेले त्यांनीं तेथील धोका पत्करलेला असतो. पण आपल्या अंगणांत निजलेल्या मनुष्यानें कोणताच धोका पत्करलेला नसतो. हानि या शब्दांत जीवितहानि, शारीरिक इजा, आरोग्याची हानि व मालमत्तेचें नुकसान हीं सर्व येतात. सोडणारें राष्ट्र म्हणजे केवळ अग्निबाण उडविणारें नव्हे. जें दुसऱ्याकडून उडवून घेतें, किंवा ज्याच्या भूमीवरून वा तळावरून उड्डाण होतें, तेंहि त्यांत येतें. अशीं दोन राष्ट्रें असलीं तर पीडितानें दोघांत वांटणी करीत बसण्याचें कारण नाहीं. कोणा एकाकडून सबंध रक्कम मागतां येते, मग तीं आपसांत पाहून घेतील. भरपाई इतकी असावी कीं, नुकसान झालेंच नसतें तर मनुष्य ज्या स्थितींत असता, त्या स्थितींत तो पुन्हा यावा.

हें सर्व कागदावर शोभून दिसतें. व्यवहारांत त्याचें काय झालें? वडील मंडळींना १९७९ सालची 'स्कायलॅब'ची धास्ती आठवत असेल. अमेरिकेचें तें अवजड अंतराळगृह कोठें पडेल या भीतीनें भारतांतहि खेडोपाडीं लोकांची झोप उडाली होती. अखेर ११ जुलै रोजीं तें हिंदी महासागरावर फुटलें व त्याचे तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागांत पडले. तेथील एस्परन्सच्या स्थानिक संस्थेनें सार्वजनिक जागीं कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या 'नासा' संस्थेस चारशें डॉलर दंड ठोठावला! ही थट्टाच होती. तो दंड पुढें २००९ सालीं रेडिओच्या एका निवेदकानें श्रोत्यांकडून जमवून भरला. गांवच्या नियमानें परराष्ट्र बांधलें जात नाहीं. त्याला राष्ट्राराष्ट्रांमधील करारच लागतो, हा बोध मात्र त्यांतून घेण्यासारखा आहे.

त्याआधीं दीड वर्ष एक गंभीर प्रकार घडला होता. ता. २४ जानेवारी १९७८ रोजीं रशियाचा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशावर कोसळला. त्याच्या पोटांत लहानशी अणुभट्टी होती. तिचे विषारी किरण फेंकणारे तुकडे शेंकडों किलोमीटरांच्या पट्ट्यांत विखुरले. कॅनडा व अमेरिका यांच्या पथकांनीं कडाक्याच्या थंडींत महिनोन् महिने शोध करून ते वेंचले. कॅनडानें रशियाकडे सुमारें साठ लाख एक्केचाळीस हजार डॉलरांची मागणी केली. वाटाघाटी होऊन ता. २ एप्रिल १९८१ रोजीं तीस लाख कॅनडियन डॉलरांवर तडजोड झाली. तडजोडीच्या पत्रांत जबाबदारी मान्य केल्याचा शब्द मात्र नव्हता. अर्धीच रक्कम मिळाली म्हणून कोणी हंसेल. परंतु त्या काळीं सर्व जगाला दरारा वाटणाऱ्या सत्तेनें आपल्या पडलेल्या वस्तूबद्दल पैसे मोजले, ही गोष्ट लहान नव्हे.

या कायद्यांत उणिवा नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पहिली उणीव अशी कीं, या कराराखालीं पीडित मनुष्याला स्वतः मागणी करतां येत नाहीं; ती त्याच्या सरकारनें राजनैतिक मार्गानें करावयाची असते. सरकार स्वस्थ बसलें तर करार त्याला हलवूं शकत नाहीं. दुसरी उणीव, एक वर्षांत समजूत न पटल्यास तिघां सभासदांचें मंडळ नेमतां येतें खरें. पण दोन्ही पक्षांनीं आधीं तसें मान्य केलें असेल तरच त्याचा निर्णय बंधनकारक, एरवीं ती केवळ शिफारस. तिसरी उणीव, वस्तु सोडणाऱ्या राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार मुळींच लागू नाहीं. मार्च २०२४ मध्यें अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत अंतराळस्थानकावरून टाकलेल्या सामानाचा एक तुकडा एका घराचें छप्पर व जमीन फोडून गेला. तो तुकडा अमेरिकेच्याच मालकीचा असल्यामुळें त्या कुटुंबाला आपल्याच देशाच्या नासा संस्थेकडे भरपाई मागावी लागली. उद्यां भारताच्याच अग्निबाणाचा तुकडा भारतांतील घरावर पडला तर काय? आपल्याकडे २०१७ सालीं अंतराळविषयक विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, पण त्याचा कायदा झालेला नाहीं. अशा वेळीं आपल्या न्यायालयांचाच आधार. दिल्लींतील वायुगळतीच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९८६ मध्यें असें ठरविलें आहे कीं, जो धोक्याचा उद्योग चालवितो त्याची जबाबदारी निरपवाद असते. या न्यायाचा आश्रय तेथें घेतां येईल, असें आम्हांस वाटतें.

मग सामान्य मनुष्याच्या हातीं काय उरतें? फार मोठी गोष्ट उरते, ती म्हणजे पुरावा. चूक सिद्ध करावयाची नसली तरी दोन गोष्टी सिद्ध कराव्याच लागतात: वस्तु कोणाची, व नुकसान किती. त्यासाठीं अशी वस्तु पडलेली आढळल्यास पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. पहिली, तिला हात लावूं नये, व मुलांना व गुरांना दूर ठेवावें. गोळ्यांत दाबलेला वायु अथवा विषारी इंधन शिल्लक असण्याचा संभव असतो. दुसरी, तत्काळ पोलीस पाटलास, पोलीस ठाण्यास किंवा तहसील कचेरीस खबर द्यावी व रीतसर पंचनामा करवून घ्यावा. तिसरी, ती तोडूं नये, भंगारवाल्यास विकूं नये, किंवा नवलाची वस्तु म्हणून घरींहि ठेवूं नये. तिच्यावरील आंकडे, अक्षरें व जोडाचे नमुने यांवरूनच तिचा धनी सांपडतो. शिवाय ती पडली म्हणून आपली होत नाहीं, तिची मालकी सोडणाऱ्याकडेच राहते. १९६८ च्या एका करारान्वयें अशी वस्तु सांपडल्याचें धनी राष्ट्रास व संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांस कळविणें हें आपल्या सरकारचें कर्तव्य आहे, व ती शोधून परत देण्याचा खर्च धनी राष्ट्रावर आहे. चौथी, विलंब करूं नये. मागणी साधारणतः नुकसान झाल्यापासून, अथवा जबाबदार राष्ट्र कळल्यापासून, एक वर्षाच्या आंत व्हावी लागते. लाडबोरी व पवनपार येथील वस्तु तज्ज्ञांच्या दृष्टीस पडल्या, म्हणूनच त्यांच्या धन्याचा मागोवा लागूं शकला.

येथवर आपण घेणेकऱ्याच्या बाजूनें बोललों. पण नाण्याला दुसरीहि बाजू आहे, व ती सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. जुलै २०२३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ज्युरियन बे या गांवाजवळ समुद्रानें एक मोठें नळकांडें वाळूवर आणून टाकलें. तेथील अंतराळ संस्थेनें चौकशी करून तें बहुधा भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असावें असें जाहीर केलें, व इस्रोनेंहि तें आपलें असल्याचें मानलें. त्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु लाडबोरीच्या शेतकऱ्याच्या जागीं एकदां ज्युरियन बेचा कोळी ठेवून पाहा, म्हणजे या कायद्याचें खरें स्वरूप दिसेल. श्रीहरिकोट्याहून आपले अग्निबाण झेपावतात तेव्हां आपली मान ताठ होते, तें योग्यच आहे. पण ज्या दिवशीं आपण आकाशांत वस्तु पाठवूं लागलों, त्या दिवसापासून आपणहि बैलाचे धनी झालों. जो न्याय आपण चीनकडे मागूं, तोच देण्यास आपण सिद्ध असलें पाहिजे. घेतांना कायद्याचें बोट व देतांना नशिबाचें, हें सज्जनाचें लक्षण नव्हे, राष्ट्राचेंहि नव्हे.

तेव्हां आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असें, कीं हें संकट मार्गानें अस्मानी असलें तरी कर्तृत्वानें सुलतानीच आहे. तें दैव म्हणून सोसावयाचें नसून त्याचा जाब विचारावयाचा आहे. मात्र या सुलतानीला आवर घालण्याचा कायदा अजून पोरवयांतच आहे. कामें संपलेले टप्पे दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागांत मुद्दाम उतरविण्याची रीति पडत आहे, पण ती अद्याप सर्वत्र पाळली जात नाहीं. कमी इंधनांत, कमी खर्चांत, तरीहि कोणाच्या डोक्यावर न पडतां खालीं येईल असा अग्निबाण योजणारा यंत्रज्ञ हवा आहे. आणि खेड्यांतील मनुष्याची फिर्याद परराष्ट्राच्या दारापर्यंत नेऊन पोंचविणारा कायदेपंडितहि हवा आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पहिला मार्ग धरील, कोणी दुसरा धरील. जो पहिला मार्ग धरील त्यानें आराखडा काढतांना लाडबोरीचें अंगण डोळ्यांपुढें ठेवावें. जो दुसरा धरील त्यानें पंचनाम्याचा कागद नीट जपून ठेवावा.